गाडीची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी म्हणवणाऱ्या माणसाला डिझेल पिकअपच्या देखभालीवर बोलायला बोलावलंय, हे कळलं तेव्हा आमच्या मित्रमंडळींत थोडी हसाहशी झाली. एकाने तर तोंडावरच विचारलं, ‘कविता संपल्या का?’ कविता संपलेल्या नाहीत. पण आमच्या घरात बी.ए. झालेला मी एकटाच, त्यामुळे घरातल्या साऱ्या वह्या फिरून माझ्याकडेच येतात. किराणाची वही, लग्नाच्या आहेराची वही, आणि माझ्या भाच्याने २०२१ साली कर्ज काढून पिकअप घेतल्यापासून गाडीची वही. त्या वहीत हप्ता आहे, डिझेल आहे, टोल आहे, टायर आहेत, आणि दुरुस्तीचं एक वेगळं पान आहे. आज जे सांगणार आहे ते त्या पानाच्या आधाराने.

आमचा भाग सांगोल्याचा. पाऊस कमी, धूळ भरपूर आणि डाळिंब चांगलं. शेतकऱ्याचे क्रेट संध्याकाळी भरायचे आणि पहाटेच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायचे, हा भाच्याचा धंदा. जायचे अडीचशे किलोमीटर, यायचे अडीचशे. हंगामात आठवड्याला तीन खेपा, एरवी गावातली बारीकसारीक भाडी. वर्षाला गाडी चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास पळते. ज्यांच्याकडे दोन एकर बागायत नाही, त्यांच्यासाठी ही चार चाकंच बागायत. आणि बागायतीसारखंच तिलाही वेळच्या वेळी पाणी दाखवावं लागतं.

आता प्रश्न असा, की ते पाणी दाखवायचं कुणी? कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने, म्हणजे आपण ज्याला शोरूम म्हणतो त्याने. चौकातल्या गॅरेजच्या उस्तादाने. की मालकाने आपल्या अंगणात स्वतःच्या हाताने? चहाच्या टपरीवर पिकअपवाले जमले की हा वाद हटकून निघतो. एक म्हणतो, शोरूम म्हणजे लूट. दुसरा म्हणतो, गल्लीतल्या गॅरेजात गाडी घातली की वाटोळं. तिसरा म्हणतो, ऑइल बदलायला काय अक्कल लागते, आपण घरीच करतो. गंमत अशी, की तिघांकडेही आपापल्या म्हणण्याचा एक खरा किस्सा असतो. फक्त हिशेब तिघांपैकी कुणाकडेही नसतो.

तेव्हा आधी हिशेब मांडू. आकडे गावोगावी आणि गाडीगणिक बदलतील, त्यामुळे आकड्यांपेक्षा हिशेबाच्या रीतीकडे लक्ष द्या.

आमच्या वहीप्रमाणे दहा हजार किलोमीटरला एक सर्व्हिसिंग. शोरूमच्या बिलात साधारण असं असतं : इंजिन ऑइल सात लिटर, २,९४० रुपये. ऑइल फिल्टर ३५०, डिझेल फिल्टर १,१००, एअर फिल्टर ६५०. मजुरी १,८००. किरकोळ सामान वगैरे ५००. एकूण ७,३४०. हेच ऑइल त्याच प्रतीचं बाहेरून आणलं तर २,८००, आणि तिन्ही फिल्टर कंपनीच्याच काउंटरवरून आणले तर तेच २,१००. एकूण ४,९००. म्हणजे सामानात फरक जेमतेम दीडशे रुपयांचा. शोरूमवाला फिल्टर महाग विकतो असं आपल्याला वाटतं, ते या हिशेबात तरी दिसत नाही. करही दोन्हीकडे तोच. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. खरा फरक आहे तो मजुरीचा आणि किरकोळचा. एका सर्व्हिसिंगला २,४४० रुपये. वर्षाच्या चार सर्व्हिसिंगचे पावणेदहा हजार.

इथे बहुतेकांचा हिशेब संपतो. माझ्या मते तो इथे सुरू होतो. कारण आमच्यापासून शोरूम ऐंशी किलोमीटरवर, सोलापूरला. जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर. लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर बाराशे रुपये नुसते जाण्यायेण्याचे. शिवाय गाडी तिथे दिवसभर उभी. त्या दिवशीची खेप गेली, म्हणजे सगळा खर्च वजा जाता हातात पडणारे दोन हजार गेले. ही रक्कम कुठल्याही बिलावर छापलेली नसते, पण ती खिशातूनच जाते. आता बेरीज करा. ७,३४०चं बिल १०,५४०ला पडलं. घरी बाजार बंद असलेल्या दिवशी झाडाखाली तेच काम ४,९००मध्ये होतं. फरक ५,६४०चा. वर्षाला साडेबावीस हजार. गाडीचा हप्ता महिन्याला पंधरा हजार आहे. म्हणजे वर्षाकाठी दीड हप्ता वाचला.

हे ऐकून उद्या सकाळीच पाने आणि पक्कड घेऊन गाडीखाली शिरण्याचा कुणाचा विचार असेल, तर जरा थांबा. वहीचं दुसरं पानही वाचून दाखवतो.

आमचे अब्बा ज्या काळात ट्रकवर क्लीनर होते, त्या काळातलं डिझेल इंजिन म्हणजे तालमीतला पैलवान. वीज लागायची ती स्टार्टरला आणि दिव्यांना. आत हवा दाबायची, दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की पेट घेतो; संपलं. मळकं डिझेल, जुनं ऑइल, सगळं पचवून ते चालायचं. रस्त्याच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात अर्धं इंजिन उघडून पुन्हा जोडणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

आजचं इंजिन तत्त्वाने तेच आहे, पण त्याची पथ्यं वाढली आहेत. १ एप्रिल २०२०पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत पन्नास भाग होतं, ते दहावर आणलं गेलं. आपल्या पोरांच्या छातीत जाणारा धूर त्यामुळे कमी झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण गाडीत त्यासाठी बरंच काही आलं. डिझेलचा फवारा आता वातावरणाच्या दाबाच्या हजार-दीड हजार पट, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाबाने सुटतो. टायरमध्ये आपण हवा भरतो ती अशा चार-पाच पटींची, यावरून अंदाज करा. तो फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरमधल्या भागांची फट काही मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. तेव्हा घरी डिझेल फिल्टर बदलताना नव्या फिल्टरच्या तोंडावर मळका हात लागला, किंवा बादलीतलं डिझेल त्यात ओतलं, तर आत काय जात असेल याचा विचार करा. एक इंजेक्टर पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो आणि गाडीला ते चार असतात. वर्षाचे वाचवलेले साडेबावीस हजार एका चिमूटभर धुळीने जाऊ शकतात.

दुसरं पथ्य ऑइलचं. बीएस-६च्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. पण इंजिन ऑइल थोडंफार जळतं, त्याची राख मात्र जळत नाही. ती त्या जाळीत साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि पुस्तिकेत त्याचा दर्जा अक्षरं-आकड्यांत दिलेला असतो. दुकानदार म्हणतो, ‘हे पण चांगलं आहे, ट्रकवाले हेच नेतात.’ असेल चांगलं, पण जुन्या ट्रकला. लिटरमागे शंभर रुपये वाचवून जी जाळी तुंबते, तिची किंमत विचारायलाही छाती लागते. काही ठिकाणी ही जाळी आतून फोडून पोकळ करून देतात. तसं करू नका. कंपनीने दिलेल्या गाडीत असा मूळ फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मनाई आहे. आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहतो.

मग करायचं काय? माझं उत्तर असं आहे : काम कुठे स्वस्त पडतं, हा प्रश्न दुसरा. आधी विचारायचं, या कामाला काय लागतं? डोळे, कान आणि नियमितपणा लागत असेल तर ते मालकाचं काम. सरावलेला हात लागत असेल तर उस्तादाचं. कंपनीचा संगणक किंवा कंपनीची जबाबदारी लागत असेल तर शोरूमचं. आमच्या वहीतल्या दोन नोंदी सांगतो, म्हणजे हे स्पष्ट होईल.

एकदा ऐन डाळिंबाच्या हंगामात गाडी लोड घेईनाशी झाली. चढ आला की काळा धूर ओकायची आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी संगणक जोडला, हवेचा दाब कमी असल्याची नोंद निघाली, आणि टर्बो बदलण्याचं चाळीस हजारांचं अंदाजपत्रक हातात दिलं. भाचा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मामू, हप्ता भरू की टर्बो घालू?’ आम्ही गाडी चौकातल्या उस्तादाकडे नेली. साठीच्या घरातला माणूस, शाळा चौथीपर्यंत. त्याने भाच्याला गाडी रेस करायला सांगितली, स्वतः बोनेटखाली कान लावून उभा राहिला, मग टर्बोपासून निघणाऱ्या जाड रबरी नळीवरून फडकं फिरवलं. फडक्याला काळा तेलकट डाग. नळीला खालच्या अंगाने चीर गेलेली होती आणि टर्बोने दाबलेली हवा तिथून फुस्स करून निघून जात होती. नळी आणि मजुरी मिळून १,७०० रुपये. उस्ताद फडकं झटकत म्हणाला, ‘मशीन दुखणं सांगतं भाई, कारण सांगत नाही. कारण बघावं लागतं.’

दुसरी नोंद उलटी आहे. पुढच्या वर्षी एक इंजेक्टर गेला. गावातल्या एका गॅरेजने नवा आणून बसवला. गाडी सुरू झाली, पण थांबल्या जागी थरथरायची आणि डिझेल जास्त प्यायची. तीन वेळा उघडून पुन्हा बसवला. शेवटी शोरूमला नेली. या इंजेक्टरवर एक सांकेतिक क्रमांक असतो. कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर थोडा कमी-जास्त फवारा सोडतो, तो फरक त्या क्रमांकात लिहिलेला असतो. नवा इंजेक्टर बसवला की तो क्रमांक गाडीच्या संगणकात भरायचा असतो. शोरूमच्या मुलाने पंधरा मिनिटांत तो भरला आणि गाडी शांत झाली. ज्या कामाला तो संगणक लागतो, तिथे चांगल्या कारागिराचेही हात बांधलेले असतात.

हात का बांधलेले असतात, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. २०१४ साली ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या कारागिरांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नव्हती. ग्राहकाने गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नये, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण मोटारींचं होतं, पिकअपचं नव्हे, आणि पुढे ते अपिलांतही गेलं. पण प्रश्न आपलाच आहे. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं यांच्या बरोबरीने तिच्या यादीत वाहनंही आहेत. चौथी शिकलेल्या उस्तादाच्या कानाला जर योग्य किमतीत योग्य यंत्र मिळालं, तर आमच्यासारख्यांच्या वहीतला खर्च किती खाली येईल, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

तोपर्यंत व्यवहाराचं सांगतो. वॉरंटी आहे तोवर पुस्तिकेतल्या अटी वाचा आणि ठरलेली सर्व्हिसिंग शोरूमलाच करा. तिथे तुम्ही जास्त पैसे देता ते ऑइलसाठी नव्हे, इंजिन बिघडलं तर कंपनीने भरून द्यावं यासाठी. पण काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या. पुस्तिकेत नसलेली गोष्ट, म्हणजे इंजिन फ्लशिंग, अमुक मिश्रण, तमुक कोटिंग असं काही बिलात दिसलं, तर ‘हे पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे?’ एवढंच नम्रपणे विचारा. बदललेले जुने भाग परत मागा. यात भांडण नाही, रिवाज आहे.

वॉरंटी संपली की ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर घरी बदलायला हरकत नाही. ब्रेक, क्लच, पाटे, बेअरिंग उस्तादाकडे. इंजेक्टर, डिझेलचा पंप, डीपीएफ आणि विजेची कोडी शोरूमला किंवा ज्याच्याकडे खरोखर ते यंत्र आहे त्याच्याकडे. डिझेल फिल्टर या सीमेवर आहे; हात स्वच्छ आणि जागा बिनधुळीची असेल तरच घरी बदला. आमच्याकडे वाऱ्याचे दिवस असले की ते काम आम्ही उस्तादावर सोपवतो.

घरी काम करताना तीन गोष्टी जिवाशी जपा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली मजबूत स्टँड हवेत. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि इंजिन चालू असताना डिझेल कुठून गळतंय हे बोटाने चाचपू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागू शकतो. काढलेलं जुनं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. २०१६च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि नियम नसता तरी आपल्या विहिरीचं पाणी आपल्यालाच प्यायचं आहे. गॅरेजवाले ते पिंपात साठवून पुनर्वापरासाठी देतात, तिथे नेऊन द्या.

आता मालकाच्या खऱ्या कामाकडे येतो. त्यात पाना जवळजवळ लागतच नाही. सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून ऑइल पाहणं. कूलंटची पातळी पाहणं. टायरमध्ये हवा किती आहे आणि टायर एकाच कडेला झिजतोय का, ते पाहणं. डिझेल फिल्टरखाली पाणी साठतं, त्याचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते सोडणं. एअर फिल्टर काढून झटकणं. हवा मारायची झाली तर कमी दाबाने आणि आतून बाहेर, बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. आमच्या माणदेशातली धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती सिलिंडरमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

या शून्य खर्चाच्या कामाची सर्वांत मोठी नोंद मात्र माझ्या नावावर नाही, भाच्याच्याही नाही. ती माझ्या बहिणीच्या नावावर आहे. आपाने आयुष्यात कधी बोनेट उघडलेलं नाही. पण पहाटे गाडी पुण्याहून आली की सकाळी अंगण तीच झाडते. एक दिवस म्हणाली, ‘गाडीखाली पाणी पडतंय, आणि ते पाणी नाही. हिरवं आहे, चिकट आहे.’ भाचा म्हणाला, एसीचं असेल. आपा म्हणाली, ‘तुझ्या गाडीला एसी कुठाय?’ पाहिलं तर कूलंट. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून थेंब थेंब गळत होतं. त्या रात्री क्रेट भरून गाडी निघणार होती. तशीच गेली असती तर इंदापूरच्या आसपास कुठेतरी इंजिन तापून हेड उचललं असतं, रात्री दोन वाजता, वर शेतकऱ्याचा दीड टन माल. वॉटर पंप मजुरीसकट ३,२०० रुपयांत बदलून झाला. हेड उतरवावं लागलं असतं तर किती गेले असते, हे उस्तादाने मला हिशेब करून सांगितलं. तो आकडा मी वहीत लिहिलेला नाही, कारण खर्च झाला नाही. पण मला वाटतं, अशा न झालेल्या खर्चाचाही एक रकाना असायला हवा.

घरी देखभाल करण्याचा खरा फायदा इथे आहे, असं मला या चार-पाच वर्षांत दिसलं. मजुरीचे अठराशे रुपये वाचतात हे खरं, पण तो फायदा छोटा. मोठा फायदा असा, की गाडीवर रोज कुणाची तरी नजर असते. शोरूमचा मुलगा तिला दहा हजार किलोमीटरमधून एकदा पाहतो, आणि त्याच्यासमोर त्या दिवशी आणखी गाड्या उभ्या असतात. डाग पहिल्या दिवशी दिसतो तो अंगण झाडणाऱ्यालाच.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. वजन. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचं आणि मग पाटे तुटले, क्लच गेला, ब्रेक लागेना म्हणून शोरूमला किंवा उस्तादाला बोल लावायचे, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. जादा खेपेचे पैसे त्याच दिवशी दिसतात, पाट्याचे पैसे तीन महिन्यांनी. मधल्या तीन महिन्यांमुळे दोघांचं नातं आपल्या लक्षात येत नाही. वहीत तारखा लावून पाहिलं की येतं. भाच्याने ते पाहिलं आणि तेव्हापासून क्रेट मोजून घेतो. शेतकरी कुरकुरतात, पण माल वेळेवर पोहोचतो म्हणून फोनही त्यालाच करतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की वही ठेवा. चाळीस पानी, साधी. चार रकाने : तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं. बिलं त्याच वहीत चिकटवा. वॉरंटीचा दावा करताना ती कामाला येते, फिटनेसच्या पासिंगआधी काय राहिलंय ते सांगते, गाडी विकताना गिऱ्हाइकाला दाखवता येते. पुस्तिका इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बसवून देखभालीचं कोष्टक मराठीत एका कागदावर उतरवून घ्या. मी ते काम केलं तेव्हा दोन संध्याकाळी गेल्या. ‘टॉर्क’ला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच अडलो होतो. उस्ताद म्हणाला, ‘लिहा, नट किती आवळायचा ते.’ मी तसंच लिहिलं. तो कागद आता गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झडपेला लावलेला आहे आणि भाचा तो वाचतो. माझ्या कवितांबद्दल मला एवढी खात्री देता येत नाही.